डोळ्यांचा रंग, त्याचा वारसा आणि उन्हात डोळे दिपणं: नेमका संबंध काय?

कवडसा

बुबुळाचा रंग कसा ठरतो आणि त्याचा उजेड सहन होण्याशी काय संबंध, यावर एक टिपण लिहितो आहे. चार ठिकाणी घोडं अडलं आहे.

१. पाठ्यपुस्तकातला तक्ता सांगतो की तपकिरी रंग प्रभावी आणि निळा अप्रभावी. त्या हिशेबाने दोघाही निळ्या डोळ्यांच्या आईवडिलांना तपकिरी डोळ्यांचं मूल होऊच शकत नाही. प्रत्यक्षात तसं क्वचित का होईना, घडतं. मग तक्ता कितपत खरा मानायचा?

२. घारे डोळे या तक्त्यात बसवायचे कुठे? मधाळ, शेवाळी, करडा, हिरवट हे सगळे रंग आपण एकाच शब्दात उरकतो, पण त्यांचं कारण एकच आहे का?

३. फिक्या डोळ्यांना ऊन सोसत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. बाहुली तर सगळ्यांचीच आकसते. मग जास्तीचा उजेड आत शिरतो कुठून?

४. त्रास होत असेल तर काचा किती गडद घ्याव्यात, आणि त्या घरातही वापराव्यात का?

"मेलॅनिन कमी असतं म्हणून" हे उत्तर सगळीकडे मिळतं (मेलॅनिन म्हणजे त्वचा, केस आणि डोळ्यांना रंग देणारं द्रव्य). मला त्याच्या पुढचं हवं आहे: कुठलं मेलॅनिन, कुठल्या थरातलं, आणि ते कमी कशामुळे होतं.

पेशीजाल

पहिले दोन प्रश्न मी घेतो.

तपकिरी-निळ्याची ती मांडणी १९०७ सालची, डेव्हनपोर्ट पतिपत्नींची. पुढच्याच वर्षी हर्स्ट यांनीही जवळपास तेच मांडलं. ती इतकी वर्षं टिकली, कारण बऱ्याच कुटुंबांत ती बरोबर येते. बरोबर का येते याचा उलगडा मात्र २००८ मध्ये झाला. कोपनहेगन, रॉटरडॅम आणि क्वीन्सलँड इथले तीन गट आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी पोहोचले: पंधराव्या गुणसूत्रावरचं डीएनएचं एक अक्षर, नोंदीतलं नाव आरएस१२९१३८३२.

लक्षात ठेवायची गोष्ट ही, की हे अक्षर रंगाच्या जनुकात नाही. रंगाचं काम करणारं जनुक ओसीए२. हे अक्षर आहे शेजारच्या हर्क२ या जनुकाच्या ८६व्या इंट्रॉनमध्ये (जनुकातला, प्रथिनाची कृती न सांगणारा तुकडा), ओसीए२च्या सुरुवातीपासून सुमारे २१ हजार अक्षरं अलीकडे. ओसीए२ चालू करणारी कळ शेजाऱ्याच्या घरात बसवलेली आहे, असं समजा. त्या जागी 'ए' असेल तर एचएलटीएफ, एलईएफ१ आणि एमआयटीएफ ही प्रथिनं तिथे घट्ट बसतात, डीएनएचा फास वळतो, कळ ओसीए२च्या तोंडाशी येते आणि जनुक जोमाने चालतं. 'जी' असेल तर पकड सैल पडते, फास नीट बसत नाही आणि ओसीए२चं प्रथिन कमी तयार होतं.

हे प्रथिन कमी झालं तर रंग फिका का होतो? मेलॅनिन ज्या पिशव्यांत तयार होतं त्या मेलॅनोसोमांच्या आवरणात ओसीए२चं प्रथिन बसतं आणि क्लोराइडच्या ये-जा करण्यातून आतली आम्लता कमी ठेवतं. मेलॅनिनची पहिली पायरी करणारं टायरोसिनेज हे विकर आम्लात मंदावतं. म्हणजे कारागीर हजर, कच्चा माल हजर, पण कारखान्यातली हवा बिघडलेली, असा प्रकार. निळ्या डोळ्यांत रंगपेशी कमी असतात हा समज म्हणूनच चुकीचा आहे. पेशींची संख्या साधारण तेवढीच असते, प्रत्येक पेशीत भरलेलं मेलॅनिन कमी असतं.

आता तक्त्याकडे. प्रत्येकाकडे या अक्षराच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एए आणि एजी बहुधा तपकिरी, जीजी बहुधा निळे. दोन्ही पालक तपकिरी पण एजी असतील तर मूल जीजी असण्याची शक्यता चारात एक. इथपर्यंत तक्ता चालतो. तपकिरी डोळ्यांच्या घरात मध्येच एक घाऱ्या डोळ्यांचं मूल जन्मतं त्यात काही अघटित नाही. 'जी' पिढ्यानपिढ्या एकेरी प्रतीत लपून राहतो आणि दोन वाहक एकत्र आले की दिसतो.

तक्ता मोडतो तो "बहुधा" या शब्दापाशी. आयआरएफ४, टीवायआर, एसएलसी२४ए४, एसएलसी४५ए२ ही जनुकंही रंगाला हात लावतात आणि ती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे स्वतंत्रपणे वाटली जातात. समजा आईच्या या जागी एजी आहे, म्हणजे तपकिरीचा हुकूम एका प्रतीत शाबूत आहे. पण आयआरएफ४ आणि टीवायआरची तिच्याकडची रूपं मेलॅनिन कमी करणारी आहेत, म्हणून तिचे डोळे निळसर. वडील सरळ जीजी. मुलाला आईकडून 'ए' मिळाला, पण ती फिकी करणारी रूपं मिळाली नाहीत, तर मुलाचे डोळे तपकिरी होणार. तुमच्या पहिल्या प्रश्नातलं "अशक्य" असं शक्य होतं.

एक बारकावा, कारण इथे अनेकांचा गोंधळ होतो. ही कळ फक्त स्वतःच्याच गुणसूत्रावरचं ओसीए२ चालवते, समोरच्या प्रतीवरचं नाही. त्यामुळे एका गुणसूत्रावर 'ए' आहे पण त्याच गुणसूत्रावरचं ओसीए२ मोडलेलं आहे, आणि दुसऱ्यावर 'जी' आहे पण ओसीए२ धडधाकट आहे, अशा माणसात दोघं मिळून तपकिरी रंग करतील असं होत नाही. चालू कळीला मोडकं यंत्र आणि चांगल्या यंत्राला ढिली कळ. डोळे फिकेच राहतात, आणि तपासणीत मात्र एजी दिसतं.

घाऱ्या रंगांबद्दल: त्यांना वेगळा खण नाही. बुबुळाच्या पुढच्या भागात मेलॅनिन किती, ते कुठे विखुरलेलं आहे, आणि गडद युमेलॅनिन किती व पिवळसर-तांबूस फिओमेलॅनिन किती, यावर छटा ठरते. निळं किंवा हिरवं रंगद्रव्य माणसाच्या डोळ्यात नाहीच. पुढचा थर रिकामा असला की त्यातले बारीक तंतू आखूड लहरींचा प्रकाश जास्त विखुरतात, मागे काळा पडदा असतो, म्हणून निळा दिसतो. त्या निळ्यावर थोडं पिवळसर रंगद्रव्य पसरलं की हिरवट. बाहुलीभोवती तपकिरी कडं आणि बाहेर हिरवट भाग अशी जी मधाळ बुबुळं दिसतात, त्यांत एकाच बुबुळात दोन्ही गोष्टी चालू असतात. ओसीए२मधलाच आणखी एक बदल, आरएस१८००४०७, हिरवट आणि मधल्या छटांशी जोडलेला आहे.

तान्ह्या बाळाचा रंग आधी राखाडी-निळा आणि मग गडद होतो तेही याचमुळे. रंगपेशी जागेवर असतात, पण मेलॅनिन जन्मानंतर साठत जातं. बराचसा बदल पहिल्या वर्षात होतो, काहींत तीन वर्षांपर्यंत चालतो. तिसऱ्या महिन्यात "घारे डोळे" म्हणून शिक्कामोर्तब करू नये.

तिसरी_प्रत

पेशीजाल यांच्याशी सहमत. जनुकीय अहवाल हातात घेऊन बसणाऱ्यांसाठी थोडी भर.

काही अहवालांत आरएस१२९१३८३२ पुढे ए किंवा जी ऐवजी टी किंवा सी लिहिलेलं असतं. चूक नसते. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठला धागा वाचला त्यावर अक्षर बदलतं: एचं जोडीदार टी, जीचं सी. म्हणजे टीटी म्हणजे एए, सीसी म्हणजे जीजी. पान उलटं धरलं तर उत्तर उलटं निघत नाही, पण एकाच तक्त्यात दोन्ही पद्धती मिसळल्या तर नक्की निघतं. दोन वेगळ्या कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेवताना आधी धागा कुठला ते पाहा.

रंगाचा अंदाज बांधणारी आयरिसप्लेक्स ही न्यायवैद्यक चाचणी सहा अक्षरं वाचते: हर्क२, ओसीए२, एसएलसी२४ए४, एसएलसी४५ए२, टीवायआर आणि आयआरएफ४ यांतलं प्रत्येकी एक. तपकिरी आणि निळा ती चांगला ओळखते. मधल्या छटांवर अडखळते, कारण ते सहा बदल तिथे पुरत नाहीत. २०२१ मध्ये जवळपास १ लाख ९५ हजार लोकांचा डीएनए तपासून ६१ जागा रंगाशी जोडल्या गेल्या, त्यांतल्या ५० आधी माहीत नव्हत्या. एका जनुकाचा तक्ता तिथून इथवर आला आहे.

आणि हे ठामपणे लिहितो: बुबुळाच्या रंगावरून पितृत्वाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका. वर दाखवलेल्या कारणांनी तो निष्कर्ष चुकू शकतो आणि त्याची किंमत एखाद्या घराला मोजावी लागते. वर्गात हा तक्ता शिकवताना ही ओळ तक्त्याच्या शेजारीच असायला हवी, कारण समोर बसलेल्यांपैकी कोणीतरी घरी जाऊन आईवडिलांचे डोळे निरखणारच.

अवांतर: निळ्या डोळ्यांचा बदल सहा ते दहा हजार वर्षांपूर्वीचा, असा अंदाज २००८च्या एका शोधनिबंधात होता आणि तोच आकडा सगळीकडे फिरतो. नंतर इटलीतल्या विल्लाब्रुना इथल्या सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्याच्या डीएनएत तो बदल सापडला. जुना आकडा टिपणात घालू नका.

पारपटल

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि "मेलॅनिन कमी म्हणून" या उत्तराने तिथेच फसगत होते.

बुबुळात मेलॅनिन दोन ठिकाणी असतं. पुढचा तंतुमय थर, ज्याचा रंग आपल्याला दिसतो. आणि मागचा पडदा, दोन पदरी पेशींचा, मेलॅनिनने गच्च भरलेला. तपकिरी, घारे, निळे, सगळ्या निरोगी डोळ्यांत हा मागचा पडदा काळाच असतो. उजेड अडवण्याचं मुख्य काम तो करतो. पुढच्या थरातलं मेलॅनिन त्याला मदत करतं, पण ती मदत आहे, भिस्त नव्हे.

दोन्ही ठिकाणच्या पेशींचं मूळही वेगळं. पुढच्या थरातल्या रंगपेशी गर्भावस्थेत चेताशिखेतून, म्हणजे गर्भाच्या पाठीकडच्या पेशींच्या पट्ट्यातून, प्रवास करून येतात. मागचा पडदा दृष्टिपटलाचाच (डोळ्याच्या मागचा, उजेड टिपणारा थर) भाऊबंद, मेंदूतून बाहेर आलेल्या पेल्यासारख्या भागापासून तयार होतो. वार्डेनबर्ग सिंड्रोम या जन्मजात आजारात चेताशिखेच्या पेशींचा प्रवास बिघडतो, म्हणून काहींचे डोळे झगझगीत निळे होतात किंवा एक निळा आणि एक तपकिरी होतो. मागचा पडदा शाबूत असल्यामुळे नजर मात्र सहसा चांगली असते. (या मुलांची श्रवणचाचणी करायलाच हवी, कारण आंतरकर्णालाही याच पेशी लागतात.) उलट वर्णहीनतेत (अल्बिनिझम) मेलॅनिन तयार करण्याचीच क्रिया बिघडते, म्हणून पुढचा थर आणि मागचा पडदा दोन्ही पारदर्शक होतात. वरवर दोघांचे डोळे निळे, पण उजेडाचा त्रास जमीन-अस्मानाच्या फरकाचा.

आता उजेड कुठून शिरतो. बाहुलीतून येणारा उजेड रंगावर अवलंबून नाही. उजेडात बाहुली किती लहान होते हे प्रामुख्याने उजेड आणि वय यांवर ठरतं. बुबुळाच्या रंगाने त्यात फरक पडत नाही. शिवाय बाहुलीची ताकद मर्यादित आहे. व्यास ८ मिलिमीटरवरून २ वर आला तरी क्षेत्रफळ सोळा पटींनीच घटतं. खोलीतला उजेड ३०० ते ५०० लक्स (उजेडाचं माप) आणि भर उन्हातला सुमारे १ लाख लक्स. हा दोनशे-तीनशे पटींचा फरक एकट्या बाहुलीला पेलत नाही, बाकीचं जुळवून घेणं दृष्टिपटल करतं.

फरक पडतो तो वाट चुकलेल्या उजेडामुळे. त्याचे तीन रस्ते:

पहिला बुबुळातून आणि पांढऱ्या भागातून आरपार. डोळ्याची भिंत पूर्ण अपारदर्शक नसते. तिच्या आतला रंगद्रव्याचा थर फिका असेल तर बाजूने पडणारा उजेड झिरपतो, त्यातही लाल जास्त. दुसरा रस्ता दृष्टिपटलामागच्या थरावरून परतणाऱ्या उजेडाचा. तिथलं मेलॅनिन आलेला उजेड गिळून टाकतं. ते कमी असेल तर उजेड परत उसळून शेजारच्या भागावर पडतो. तिसरा रस्ता पारपटल (बुबुळापुढचा पारदर्शक थर) आणि भिंगातून विखुरण्याचा. त्याचा रंगाशी संबंध नाही, वयाशी आहे; पासष्टीच्या सुमाराला असा विखुरलेला उजेड तरुणपणीच्या जवळपास दुप्पट होतो.

हा सगळा उजेड चित्र उमटवत नाही. चित्रावर धुक्यासारखा पसरतो आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक पुसट करतो. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे पडल्यावर रस्त्यावरचा माणूस दिसेनासा होतो, तो याचमुळे. फिक्या डोळ्यांत पहिले दोन रस्ते थोडे अधिक मोकळे असतात, म्हणून त्यांना झळाळी जास्त जाणवते हे खरं. पण निरोगी फिक्या डोळ्यांत हा फरक किरकोळ असतो. डोळे उघडताच येत नाहीत, पाणी वाहतं, घरातही पडदे ओढावे लागतात, असा त्रास असेल तर "घारेच आहेत ना" म्हणून सोडून देऊ नये. कारण दुसरीकडे शोधावं लागतं.

मागचा पडदा शाबूत आहे का हे पाहण्याची सोपी तपासणी आहे. स्लिट लॅम्पवर (डोळे तपासण्याचा सूक्ष्मदर्शक), खोली अंधारी करून, बाहुली पसरवणारे थेंब घालण्याआधी, एक-दोन मिलिमीटरचा गोल झोत बाहुलीच्या मधून आत सोडतात आणि आतून परतणाऱ्या लालसर उजेडात बुबुळ पाहतात. पडदा शाबूत असेल तर बुबुळ काळं राहतं, पातळ असेल तिथे लाल चमकतं. कुठे चमकतं त्यावरून कारण कळतं: सगळं बुबुळ चमकलं तर वर्णहीनता, बुबुळाच्या मधल्या पट्ट्यात चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसल्या तर रंगद्रव्य घासून सुटत असल्याची खूण, बाहुलीच्या काठाला झीज असेल तर उतारवयातला सूडोएक्सफोलिएशन हा विकार, एखादाच तुकडा असेल तर जुनी नागीण किंवा काचबिंदूचा तीव्र झटका. थेंब आधी घातले तर बुबुळ गोळा होऊन ही सगळी माहिती हातची जाते. तपासणीच्या घाईत होणारी ही नेहमीची चूक.

कवडसा

दोन पडद्यांचा हा खुलासा वाचून टिपणाची मांडणीच बदलावी लागणार, मनापासून आभार. दोन उपप्रश्न. वर्णहीनतेत डोळे लाल किंवा गुलाबी असतात असं वाचलं होतं, तुम्ही निळे म्हणता. आणि तिथेही ओसीए२चंच नाव येतं. एकच जनुक निळे डोळेही देतं आणि आजारही?

पेशीजाल

हो, एकच जनुक. ओसीए२ हे नावच ऑक्युलोक्यूटेनियस अल्बिनिझमच्या दुसऱ्या प्रकारावरून आलं आहे. निळ्या डोळ्यांत जनुक धड असतं, बुबुळात त्याची कळ ढिली असते. वर्णहीनतेत दोन्ही प्रतींतलं जनुकच मोडलेलं असतं, त्यामुळे त्वचा, केस आणि मागचा पडदा सगळीकडे परिणाम दिसतो. पहिला प्रकार टायरोसिनेजच्या म्हणजे टीवायआर जनुकाच्या बिघाडाचा, तिसरा टीवायआरपी१चा, चौथा एसएलसी४५ए२चा. पालक दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता. आधीचं मूल बाधित होतं म्हणून पुढच्या वेळी ती कमी होत नाही. जीपीआर१४३च्या बिघाडात त्वचा बहुतांशी नेहमीसारखी आणि डोळे मात्र बाधित असतात. ते जनुक एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे तो प्रकार मुख्यतः मुलग्यांत दिसतो.

डोळे सहसा निळसर, राखाडी, कधी फिके तपकिरीही असतात. विशिष्ट कोनातून उजेड पडला की आतल्या रक्तवाहिन्यांमुळे लालसर दिसतात, एवढंच.

वर्णहीनता म्हणजे फक्त उजेडाचा त्रास नाही. दृष्टिपटलातला सर्वांत तीक्ष्ण भाग, फोव्हिया, नीट घडत नाही, आणि डोळ्यांतून मेंदूकडे जाणारे तंतू प्रमाणाबाहेर विरुद्ध बाजूला ओलांडतात. डोळे आपोआप सतत हलत राहतात. म्हणून गडद चष्म्याने झळाळी कमी होते, नजर पूर्ववत होत नाही. पालकांना हे आधीच स्पष्ट सांगावं, नाहीतर एकामागून एक चष्मे बदलले जातात.

भिंगकार

चौथा प्रश्न. काचेच्या गडदपणाला प्रमाण आहे, "गडद" आणि "फिकी" एवढ्यावर खरेदी करू नये. उन्हाच्या चष्म्यांसाठीच्या आयएसओ १२३१२-१ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार: श्रेणी ० म्हणजे ८० ते १०० टक्के उजेड आत, श्रेणी १ म्हणजे ४३ ते ८०, श्रेणी २ म्हणजे १८ ते ४३, श्रेणी ३ म्हणजे ८ ते १८, श्रेणी ४ म्हणजे ३ ते ८. भर उन्हासाठी श्रेणी ३ पुरते. श्रेणी ४ बर्फ आणि उंच डोंगरांसाठी. ती घालून गाडी चालवायची नाही. रात्री गाडी चालवताना ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड सोडणारी कुठलीच रंगीत काच नको. "रात्रीसाठी पिवळी काच" हा प्रकारही झळाळी कमी करत नाही, एकूण उजेडच कमी करतो.

गडदपणा आणि अतिनील किरणांपासून बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काचेवर यूव्ही ४०० किंवा तशा अर्थाची स्पष्ट नोंद हवी. नुसती गडद, अतिनील न अडवणारी काच वाईट, कारण तिच्यामागे बाहुली पसरते आणि बाजूने येणाऱ्या किरणांना वाट मोठी मिळते. अतिनील किरण बुबुळाचा रंग पाहत नाहीत. पारपटल आणि भिंग त्यांना मुख्यतः शोषून घेतात, त्यामुळे ही काळजी तपकिरी डोळ्यांनाही तितकीच लागू.

पारपटल यांनी सांगितलेला पहिला रस्ता आठवा: बाजूचा उजेड बुबुळातून आणि भिंतीतून झिरपतो. म्हणजे फिक्या डोळ्यांसाठी काच एक श्रेणी गडद घेण्यापेक्षा चौकट गालाला आणि कपाळाला लगटून बसणारी घेणं जास्त कामाचं. चष्मा घालून आरशासमोर उभं राहा, दिवा डोक्याच्या वर आणि कानाच्या बाजूला धरा. काचेच्या आतल्या बाजूला दिव्याचं प्रतिबिंब दिसलं तर फट मोठी आहे. रुंद काठाची टोपी वरून येणारा बराच उजेड कापते, आणि ती कापताना समोरचं दृश्य अंधारत नाही. वर्णहीनता असलेल्या मुलांसाठी मी टोपी आधी आणि काच नंतर ठरवतो.

पाणी, ओला रस्ता, गाडीचं बॉनेट यांवरून उसळणाऱ्या झळाळीला ध्रुवीकरण करणारी (पोलराइज्ड) काच उत्तम. मात्र तिच्यातून फोनचे काही पडदे आणि गाडीतले मीटर काळे पडलेले दिसतात, आधी तपासून घ्या. उजेडात आपोआप गडद होणारी काच अतिनील किरणांनी चालते. गाडीची पुढची काच ते अडवते, म्हणून गाडीत ती जवळपास फिकीच राहते. उष्ण हवेतही ती कमी गडद होते. नेमकं जिथे हवं तिथे ती कमी पडते, हे विकत घेताना माहीत असावं.

घरातल्या वापराबद्दल माझं मत पक्कं आहे: नको. दृष्टिपटल अंधाराला सरावतं, त्याची संवेदनशीलता वाढते, आणि मग साधा दिवाही बोचतो. त्रास वाढला म्हणून काच आणखी गडद, असं हे चक्र चालतं. ज्यांना सवय लागली आहे त्यांनी एकदम सोडू नये. घरात श्रेणी ३ वरून २ वर, मग १ वर, दर टप्प्याला एक-दोन आठवडे देऊन उतरावं. त्याऐवजी उजेडाची मांडणी बदला: खिडकी पाठीमागे किंवा समोर न ठेवता बाजूला, दिव्याला अपारदर्शक छत्री, आणि संगणकाच्या पडद्याची चमक शेजारी ठेवलेल्या पांढऱ्या कागदाइतकीच.

अर्धशिशीतला उजेडाचा त्रास वेगळ्या मार्गाचा असतो. दृष्टिपटलातल्या मेलॅनॉप्सिन (उजेड ओळखणारं एक प्रथिन) असलेल्या पेशी ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वाधिक दाद देतात आणि त्यांचा निरोप वेदनेच्या वाटेला जाऊन मिळतो. तिथे एफएल-४१ या गुलाबीसर छटेची काच वापरतात. ती नुसत्या गडद काचेहून वेगळी. ठरावीक लहरी कापते, बाकीचा उजेड राहू देते, म्हणून घरात चालते.

पारपटल

भिंगकार यांच्या शेवटच्या परिच्छेदाला जोडून, कारण काच घेण्याआधी कारण कळायला हवं.

उजेडाचा त्रास अचानक सुरू झाला, एकाच डोळ्याला आहे, सोबत दुखतं, लाली आहे किंवा धूसर दिसतं, तर त्याच दिवशी डोळे दाखवा. पारपटलावरची जखम, जंतुसंसर्ग आणि बुबुळाची सूज असाच आरंभ करतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स लगेच काढावी आणि डबीसकट सोबत न्यावी. ताप, मान ताठ आणि उजेड नकोसा, हे एकत्र दिसलं तर ते डोळ्यांचं दुखणं नाही, मेंदूज्वराची शंका आहे, सरळ रुग्णालय. तान्हं बाळ उजेडाला डोळे घट्ट मिटतं, पाणी वाहतं आणि बुबुळ मोठं किंवा धुरकट वाटतं, तर जन्मजात काचबिंदू आधी नाकारावा लागतो. अशा बाळाचे टपोरे डोळे पाहून कौतुक होतं आणि महिने निघून जातात.

तपकिरी डोळ्यांतही तीव्र त्रास असतो याचं ठळक उदाहरण म्हणजे पूर्ण रंगांधत्व. सीएनजीए३ किंवा सीएनजीबी३ सारख्या जनुकांच्या बिघाडाने शंकूपेशी (रंग आणि दिवसाचा उजेड टिपणाऱ्या) चालत नाहीत, फक्त दंडपेशींवर (मंद उजेडात पाहणाऱ्या) दिवस काढावा लागतो आणि त्या भर उजेडात निकामी होतात. बुबुळ कितीही गडद असलं तरी फरक पडत नाही. या मुलांना गडद लाल छटेची काच उपयोगी पडते, कारण दंडपेशी लाल उजेडाला फारशी दाद देत नाहीत.

राहिला तपासणीच्या थेंबांचा मुद्दा, ज्यात रंगाचा थेट संबंध येतो. मेलॅनिन ट्रॉपिकामाइड आणि अॅट्रोपीनसारखी औषधं स्वतःकडे धरून ठेवतं. गडद बुबुळात बाहुली सावकाश आणि कमी पसरते, थेंब पुन्हा घालून वाट पाहावी लागते. फिक्या बुबुळात ती लवकर आणि मोठी होते. ट्रॉपिकामाइडनंतर बहुतेकांना चार ते सहा तास, काहींना दुसऱ्या दिवसापर्यंत झळाळी राहते, म्हणून टोपी आणि चष्मा सोबत आणायला सांगावं आणि गाडी दुसऱ्याने चालवावी. लहान मुलांना अॅट्रोपीन घातलं असेल तर परिणाम आठवडा-दोन आठवडे टिकतो, शाळेला तशी चिठ्ठी द्यावी.

काचबिंदूवरचं लॅटॅनोप्रोस्ट उलट दिशेने काम करतं: रंगपेशींतलं मेलॅनिन वाढवतं आणि बुबुळ कायमचं गडद करतं, विशेषतः हिरवट-तपकिरी मिश्र बुबुळं. एकाच डोळ्यात घालायचं असेल तर दोन डोळ्यांचे रंग वेगळे होऊ शकतात, हे औषध सुरू करण्याआधी रुग्णाला सांगायचं, आणि त्या दिवशी दोन्ही डोळ्यांचा एकाच उजेडात फोटो काढून ठेवायचा.